खाटेजवळचं ट्रोपोनिन मशीन : दोन पावसाळे वापरल्यानंतर

सिंधुदुर्गात लावणी सुरू झाली की आमच्या लॅबमध्ये हळदीच्या पाण्यासारख्या पिवळ्या सीरमच्या ट्यूब यायला लागतात. दिवसभर पाय चिखलात, टाचेला चीर पडलेली, आणि तिथून शिरलेला लेप्टो, म्हणजे उंदरा-जनावरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू. चार दिवस अंगावर ताप काढून माणूस येतो तेव्हा डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, लघवी कमी आणि वरचं बीपी 80 च्या आसपास. मी एका तालुक्याच्या गावी आठ खाटांचा आयसीयू असलेल्या हॉस्पिटलची लॅब सांभाळते. डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) करून या कामात 17 वर्षं झाली. आज लिहितेय ते आम्ही घेतलेल्या एका छोट्या मशीनबद्दल. ट्रोपोनिन आय आणि एनटी-प्रोबीएनपी या हृदयाच्या दोन तपासण्या त्यावर खाटेजवळच होतात. कंपनीचं नाव देत नाही. या जातीची मशीनं आता बऱ्याच जणांची आहेत, आणि मी सांगणार आहे ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

सेप्सिसमध्ये, म्हणजे लेप्टोसारख्या संसर्गावर अंगाची प्रतिक्रिया इतकी भडकते की अवयवच बिघडायला लागतात तेव्हा, हृदयाला मार बसतो हे आयसीयूत काम करणाऱ्यांना माहीत असतं, पण आमच्या रिपोर्टमध्ये ते कुठे दिसत नसे. 2016 पासून सेप्सिसची जी व्याख्या वापरतात, तिच्यासोबतच्या, अवयव किती बिघडलेत ते मोजणाऱ्या सोफा स्कोअरमध्ये ऑक्सिजन, प्लेटलेट, बिलिरुबिन (लिव्हरसाठी), शुद्धीची पातळी, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि बीपी आहे. ट्रोपोनिन त्यात नाही. हृदयाचा हिशोब तिथे बीपी किती आणि ते टिकवायला औषध किती लागतं एवढ्यावरच होतो. पण बीपी कशामुळे पडलंय? रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे, अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, की पंपच ढिला पडल्यामुळे? तिन्हींचा इलाज वेगळा. ढिल्या पडलेल्या हृदयावर सलाईनच्या बाटल्या चढवत गेलं तर फुप्फुसात पाणी भरतं, आणि लेप्टोची फुप्फुसं आधीच रक्तस्रावाच्या उंबरठ्यावर असतात.

हे मशीन येण्याआधी आमच्याकडे सीपीके-एमबी होतं. सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम, आणि एमबी हा त्याचा मुख्यतः हृदयातला प्रकार. लेप्टोमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मी ठामपणे सांगते. लेप्टो अंगाच्या स्नायूंनाच धरतो, म्हणून तर पोटऱ्या दुखतात. सीपीके चार-पाच हजारांवर जातं. छोट्या लॅबमध्ये सीपीके-एमबीची जी पद्धत असते तिच्यात स्नायूचा भाग रसायनाने दाबून उरलेला मोजतात, आणि मूळ आकडा इतका मोठा असला की न दाबला गेलेला अंशही मोठा दिसतो. मी स्वतः अशा पेशंटांचे 140, 160 असे सीपीके-एमबी रिपोर्ट सही करून दिलेत, आणि त्यावरून नातेवाइकांना अटॅकची भीती घातली गेलेली पाहिली आहे.

त्यानंतर ट्रोपोनिनचं कार्ड आलं. रक्ताचे थेंब टाकायचे आणि दुसरी रेघ उमटते का बघायचं. रात्री अडीच वाजता ट्यूबलाइटखाली कार्ड तिरकं धरून मी आणि ड्युटीवरची सिस्टर दोघी बघत बसायचो. तिला पुसट रेघ दिसायची, मला नाही. शिवाय कार्डाची रेघ उमटायला ट्रोपोनिन बरंच वाढलेलं लागतं. सेप्सिसमधली वाढ पुष्कळदा त्याच्या खालीच राहते, म्हणजे इजा असूनही कार्ड कोरंच. खरा आकडा हवा असेल तर सॅम्पल बर्फाच्या डब्यात घालून घाटावर कोल्हापूरला पाठवायचं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने बीपी कोसळलेल्या पेशंटचं काय व्हायचं ते तोवर ठरून गेलेलं असतं.

आता मशीन. आकाराने भाकरीच्या डब्याएवढं. पाऊच फोडून कार्ट्रिज काढायचं, मोजून रक्त टाकायचं, आत सरकवायचं. 15 ते 20 मिनिटांत आकडा येतो. ट्यूब आणायला लागणारा वेळ, लेबल, मधेच गेलेली लाईट हे सगळं धरून माझ्या हातून रिपोर्ट अर्ध्या तासात निघतो. ट्रोपोनिनचं एक कार्ट्रिज हॉस्पिटलला साडेचारशेच्या आसपास पडतं, एनटी-प्रोबीएनपीचं अकराशेला. याच मशीनवर प्रोकॅल्सिटोनिन, डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण) आणि एच-एफएबीपी (हृदयाच्या स्नायूतलं आणखी एक प्रथिन) याही तपासण्या होतात. विकायला आलेल्या मुलाने हे सगळं मिळून ‘सेप्सिस पॅनल’ म्हणून दाखवलं होतं. आमच्या फिजिशियन मॅडमनी त्यातलं निम्मं तिथेच बाजूला काढलं. डी-डायमर सेप्सिसच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये वाढतं, त्याने काही ठरत नाही. एच-एफएबीपी लवकर वाढतं हे खरं, पण ते बाहेर पडतं किडनीतून, आणि आमच्या पेशंटांची किडनी पहिल्या दिवसापासून बंद पडायला आलेली असते. प्रोकॅल्सिटोनिन जंतुसंसर्गाबद्दल सांगतं, हृदयाबद्दल नाही. ते ठेवलं, पण वेगळ्या कामासाठी.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘हाय सेन्सिटिव्ह’ छापलं होतं. या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. निरोगी माणसांच्या 99व्या परसेंटाइलच्या पातळीवर, म्हणजे शंभरातल्या 99 निरोगी माणसांचा आकडा जिच्या खाली असतो त्या पातळीवर, पुन:पुन्हा मोजलं तर फरक (सीव्ही, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) 10 टक्क्यांच्या आत हवा, आणि निरोगी पुरुषांत आणि बायकांत वेगवेगळं पाहिलं तरी निम्म्याहून जास्त जणांत मोजता येईल असा आकडा यायला हवा. दुसरी अट तपासायची सोय माझ्याकडे नाही, पण पहिली तपासता येते. आमच्या किटच्या कागदावर 99वा परसेंटाइल लिटरला 30 नॅनोग्रॅम दिलाय. त्याच्या जवळपासचं एक सॅम्पल मी पाच वेळा लावलं. आकडे आले 22, 29, 19, 27, 24. फरक 16 टक्क्यांच्या वर. मग एक वाढलेलं सॅम्पल पाच वेळा लावलं: 410, 432, 398, 421, 405. फरक सव्वातीन टक्के. दहा कार्ट्रिज यात गेली, आणि मॅडमनी ती मला आनंदाने वापरू दिली, कारण मशीनच्या डब्यापेक्षा जास्त माहिती त्या दहांत होती. वरच्या आकड्यांवर मशीन भरवशाचं आहे. सीमारेषेजवळ नाही. सकाळी 22 आणि दुपारी 28 आलं तर ते वाढलं असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. ज्यांना ‘हाय सेन्सिटिव्ह’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजायला सांगितलं जातंय त्यांनी आधी एवढी पाच-पाच कार्ट्रिज मागून घ्यावीत.

पहिल्याच पावसाळ्यात एक पेशंट आला. वय 46, शेतकरी, लावणीचा शेवटचा वाफा राहिलेला. बीपी 80/50, क्रिएटिनिन 3.1, प्लेटलेट 38 हजार, डोळे पिवळे. आमच्याकडे येण्याआधी त्याला दुसरीकडे दाखवलं होतं आणि तिथला ट्रोपोनिनचा रिपोर्ट मुलाच्या हातात होता: 0.37. संध्याकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी मी घेतलेल्या सॅम्पलचा आकडा आला 386. मुलाने दोन्ही कागद शेजारी धरले आणि तो पांढराफटक पडला. सकाळी अर्धाही नव्हता, संध्याकाळी 386! खरं तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच. तो रिपोर्ट मिलिलिटरला नॅनोग्रॅममध्ये होता, आमचा लिटरला नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे मधे हजारपटीचा फरक. त्यात प्रत्येक कंपनीच्या ट्रोपोनिन आयचे आकडे वेगळे येतात आणि ट्रोपोनिन टीचे तर पूर्णच वेगळे. टीची सीमा 14 धरतात, आमच्या आयची 30. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी जुळवत बसू नये. तेव्हापासून आमच्या रिपोर्टवर युनिट आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरात छापलं जातं. मुलाला मी कागदाच्या मागे गुणाकार करून दाखवला तेव्हा कुठे तो बाकावर बसला.

बाहेर गाडी तयार होती. गोव्याला नेऊन अँजिओग्राफी करायची असं नातेवाइकांनी ठरवलंच होतं. त्याची बायको आयसीयूच्या दाराशी उभी. मॅडमना बघून म्हणाली, “डॉक्टरांनु, ह्यांका अटॅक इलो काय?”

मॅडमनी एकदम उत्तर दिलं नाही. आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. अटॅकमध्ये हृदयाचा एखादा भाग हलायचा थांबतो, ज्या नळीत अडथळा तिच्या वाटणीचा. इथे सगळं हृदयच मंद हलत होतं, इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते) 35. ईसीजीत ठोके जलद, पण अटॅकच्या खुणा नाहीत. मग मला म्हणाल्या, तीन तासांनी परत सॅम्पल घे. 8 वाजून 50 मिनिटांनी मी परत सुई घेऊन गेले तेव्हा त्याची आई बाजूला बसलेली. “गे बाय, परत रगात कित्याक काढतंस?” तिला काय सांगावं हे मला पटकन सुचलं नाही, पण उत्तर या सगळ्या तपासणीच्या मुळाशी आहे. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशीला इजा झाली की ते रक्तात येतं. इजा कशाने झाली ते एका आकड्यात कळत नाही. नळी तुंबून झालेल्या अटॅकमध्ये आकडा तासातासाला चढतो, मग उतरतो. सेप्सिसमध्ये विषारी द्रव्यांनी, बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेल्या रक्तप्रवाहाने, वाढलेल्या ठोक्यांनी इजा होते आणि आकडा पुष्कळदा चढून तिथेच रेंगाळतो. आधीच वाढलेला आकडा 20 टक्क्यांहून जास्त हलला तरच तो खरा बदल धरतात. 2018 मध्ये हार्ट अटॅकची जागतिक व्याख्या चौथ्यांदा लिहिली गेली. तिच्यात हे स्पष्ट आहे की नुसतं ट्रोपोनिन वाढणं ही हृदयाची इजा. अटॅक म्हणायला रक्तपुरवठा तुटल्याचा पुरावा वेगळा लागतो. सेप्सिसचं नाव त्या इजेच्या कारणांत आहे.

दुसरा आकडा आला 402. चार टक्के. म्हणजे हलला नाहीच.

मॅडम बाहेर गेल्या. “अटॅक नाय ओ वैनी. ह्या तापाच्या विषान काळीज दमलां. ताप उतारलो की तां परत जोर धरतलां.” गाडी परत गेली. त्या दोन आकड्यांनी काय टाळलं ते मी लॅबमध्ये बसून मोजत होते. अटॅक समजून हेपॅरिन आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या असत्या, आधीच रक्तस्रावाचा धोका असलेल्या 38 हजार प्लेटलेटवर. आणि पावसात, बीपी टिकवणाऱ्या नॉरअॅड्रिनॅलिनच्या पंपावर, क्रिएटिनिन 3.1 असताना किडनीला जड जाणाऱ्या अँजिओग्राफीच्या डायसाठी इतका प्रवास. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला आमचे पुष्कळ पेशंट जातात आणि तिथे जीव वाचतात, पण या माणसाला त्या रात्री खाटेवरून हलवणं हाच धोका होता. अँटिबायोटिक चालू राहिलं, सलाईन मोजून दिलं, नॉरअॅड्रिनॅलिनला हृदयाचा जोर वाढवणाऱ्या डोब्युटामिनची जोड दिली. सकाळी ट्रोपोनिन 351, तिसऱ्या दिवशी 140. आठव्या दिवशीच्या इकोत इजेक्शन फ्रॅक्शन 55.

मॅडमनी मला तेव्हा 1984 सालचा एक अभ्यास सांगितला. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या डॉक्टरांनी सेप्टिक शॉकच्या 20 पेशंटांचं हृदय पुन:पुन्हा तपासलं. जे वाचले त्यांच्यातल्या बहुतेकांचं हृदय पहिल्या दिवसांत फुगलेलं आणि ढिलं होतं आणि सात ते दहा दिवसांत पूर्ववत झालं. आमच्या पेशंटचा आठवा दिवस त्यात बरोबर बसत होता. चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं आमच्या खाट नंबर 3 वर घडताना बघून मला फार बरं वाटलं.

उलटही झालंय. लघवीच्या संसर्गाने सेप्सिसमध्ये गेलेल्या एका मधुमेही आजींचे आकडे सहा तासांत 44, 310, 890 असे चढले आणि तिसऱ्या सॅम्पलच्या वेळी ईसीजीही बदलला. त्या खऱ्या अटॅकमध्ये होत्या आणि छातीत दुखल्याचं एकदाही म्हणाल्या नव्हत्या. त्यांना मात्र गाडीत घातलं. आणि एका तरुण मुलाचं ट्रोपोनिन सीमेच्या आत असताना इकोवर हृदय ढिलं निघालं. म्हणून या मशीनमुळे इकोचं काम संपतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

एनटी-प्रोबीएनपीबद्दल माझं मत तेवढं चांगलं नाही. हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की हे वाढतं. श्वास लागलेल्या नेहमीच्या पेशंटमध्ये 300 च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही, आणि वयाप्रमाणे 450, 900, 1800 अशा वरच्या सीमा आहेत. त्या सीमा सेप्सिसच्या पेशंटसाठी केलेल्या नाहीत. किडनी बसली की ते साचतं, सलाईन भरलं की वाढतं, वय झालं की मुळातच जास्त असतं. वरच्या शेतकऱ्याचं 9,800 आलं होतं आणि त्यातलं हृदयाचं किती, किडनीचं किती, हे वेगळं करता आलं नाही. कमी आलं तर उपयोगी, जास्त आलं तर फारसं कळत नाही. अकराशेचं कार्ट्रिज प्रत्येक तापाला लावायला मी विरोध करते आणि मॅडमही करतात. गरीब माणसाच्या बिलात तेवढ्यात दोन दिवसांचं अँटिबायोटिक बसतं.

आता तक्रारी. आमच्याकडची हवा. जुलैत लॅबच्या भिंतीला हात लावला तर ओला होतो. पाऊच फोडलं की कार्ट्रिज लगेच वापरायचं असतं, नाहीतर आतली पट्टी दमट होते आणि रक्त त्यावर वेडंवाकडं सरकतं. सुरुवातीला सिस्टरने सोय म्हणून पाच पाऊच फोडून ट्रेमध्ये ठेवले होते. पाचही वाया गेले. आता पाऊच पेशंटच्या खाटेपाशीच फुटतं. लाईट गेली तर चालू असलेली तपासणी बाद होते आणि कार्ट्रिज परत वापरता येत नाही, म्हणून मशीनला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर घ्यावा लागला. तो खर्च कोटेशनमध्ये कोणी धरत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये मशीन एरर दाखवून बसलं आणि इंजिनिअर 11 दिवसांनी आला. ऐन लेप्टोत 11 दिवस! घेताना सर्व्हिसचा करार कागदावर, किती तासांत माणूस येणार त्या आकड्यासह लिहून घ्या. आम्ही घेतला नव्हता.

लॅबवाल्या मित्रमैत्रिणींसाठी दोन गोष्टी. सलाईन चालू असलेल्या हातातून सॅम्पल घेऊ नका, आकडा पातळ होतो. आणि सीरम वापरत असाल तर आधी रक्त पूर्ण गोठू द्या. घाईत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढलेल्या सीरममध्ये फायब्रिनचे तंतू राहतात आणि ट्रोपोनिन खोटं वाढलेलं येतं. माझ्या हातून एकदा 30 च्या जागी 210 आलं होतं. ट्यूब उजेडात धरली तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतू दिसला. परत फिरवून लावलं तर 33. क्लिनिकशी न जुळणारा आकडा आला की आता मी आधी ट्यूब बघते, मग फोन करते.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे मोठा अॅनालायझर आहे त्यांनी नको. त्यांचे खालचे आकडे याच्यापेक्षा खरे असतात. ज्यांचा आयसीयू अँजिओग्राफी होते त्या कॅथलॅबपासून दीड-दोन तास लांब आहे, ज्यांच्याकडे इको करणारं माणूस आहे आणि जे तीन तासांनी दुसरं सॅम्पल घ्यायला तयार आहेत, त्यांनी जरूर घ्यावं. एकदाच तपासून निकाल रेफर चिठ्ठीला टाचायचा असेल तर कार्डही पुरतं. आम्ही एका पेशंटमागे दोन कार्ट्रिज असाच हिशोब धरून मे महिन्यात ऑर्डर देतो.

आणि हो, प्रिंटर. मशीनची चिठ्ठी थर्मल कागदावर निघते. सप्टेंबरात तो शेतकरी तपासायला आला, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली. चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या. 386 नाही, 402 नाही. सॅम्पल घेतल्याची वेळ मी प्रत्येक चिठ्ठीवर बॉलपेनने लिहिते, तेवढी होती: 5.40 आणि 8.50. त्या दिवसापासून आकडाही मी पेनने लिहिते आणि रजिस्टरमध्ये चढवते.